डॉक्टर मंत्री होतो तेव्हा

धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे कर्करोग शल्यचिकित्सक. २०१६ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले आणि त्यांना खातं मिळालं संरक्षण. औरंगाबादचे डॉ. भागवत कराड बालशल्यचिकित्सक. महापौरपद भूषवून पुढे राज्यसभेत गेले, आणि २०२१ मध्ये त्यांच्याकडे आलं अर्थ खात्याचं राज्यमंत्रिपद. त्याच फेरबदलात दिंडोरीच्या डॉ. भारती पवार यांना आरोग्य मिळालं. तिघेही डॉक्टर, पण खातं वैद्यकीशी जुळलं ते एकीचंच. खातेवाटपात जिल्हा, जात, गट आणि मित्रपक्षांचा वाटा आधी बघतात, पदवी नंतर. त्यामुळे "डॉक्टर आहे म्हणून आरोग्य खातं चांगलं चालवेल" या वाक्याची परीक्षा घ्यायची संधीच मुळात कमी वेळा येते. आणि येते तेव्हा निकाल बराच संमिश्र लागतो. तो तसा का लागतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात उमेदवारी अर्जापासूनच करावी लागते.

खासगी डॉक्टरला निवडणूक लढवायला कोणाची परवानगी लागत नाही. सरकारी डॉक्टरचं तसं नसतं. वैद्यकीय अधिकारी हे लाभाचं पद, त्यामुळे अर्जांच्या छाननीच्या दिवशी तो सेवेत असेल तर अर्ज बाद. नुसता राजीनामा दिला एवढ्यावर भागत नाही, तो मंजूर झालेला असावा लागतो. इथेच अनेकांचं गाडं अडतं. विभागीय चौकशी चालू असेल, बाँडची (शिक्षणाच्या बदल्यात लिहून दिलेली) सेवा राहिली असेल, शासकीय येणं बाकी असेल, तर राजीनाम्याची नस्ती (फाईल) टेबलावरून हलत नाही. वर राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. म्हणून २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झालेला जाणता माणूस राजीनामा देत नाही, ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतो. अर्थात हा हिशेब १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांचा, कारण त्यानंतरच्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती. निवडणुका जाहीर झाल्यावर जागा झालेल्याकडे ३ महिने नसतात. आचारसंहिता ते मतदान हा सगळा खेळ महिना-सव्वा महिन्यात आटोपतो.

अर्ज भरताना विधानसभेसाठी १०,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००). मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. डॉक्टरांच्या बाबतीत खरा घोळ होतो तो नमुना २६ च्या शपथपत्रात. निष्काळजीपणाच्या तक्रारीवरून पोलिसांत गुन्हा दाखल असेल तर तो तिथे लिहावाच लागतो. "ती केस खोटी आहे, पोलिसांनी नंतर काहीच केलं नाही" हा खुलासा त्या रकान्यात चालत नाही. ग्राहक आयोगातला दावा दिवाणी स्वरूपाचा, तो गुन्ह्यांच्या रकान्यात येत नाही. मृत्यूला कारणीभूत ठरल्याची फौजदारी तक्रार मात्र येते. आणि एकदा ती आली की वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहिरात देऊन मतदारांना ते सांगावं लागतं: माघारीच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. ज्याची सगळी पुण्याई "हाताला गुण आहे" या एका वाक्यावर उभी आहे, त्याला ही जाहिरात जड जाते. तरी लपवाछपवी करू नये. रकाना मोकळा सोडला तर निवडणूक अधिकारी तो भरायला सांगतो, आणि तरीही भरला नाही तर अर्ज जातो.

दुसरा सापळा मोफत शिबिरांचा. वर्षभर केलेलं नेत्रतपासणी शिबिर ही समाजसेवा असते, आचारसंहितेत केलेलं तेच शिबिर मतदाराला दिलेलं आमिष ठरू शकतं, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात लाचेला भ्रष्ट आचार म्हटलेलं आहे. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे. शिबिराचा मंडप, औषधं, चष्मे यांचा हिशेब त्यात धरला गेला तर उमेदवाराची पंचाईत होते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, तो दिला नाही तर ३ वर्षांची अपात्रता लागू शकते. प्रचाराच्या धामधुमीत दवाखान्याच्या गल्ल्यातून परस्पर पैसे देणारे डॉक्टर इथे हमखास अडकतात. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं ते त्यासाठीच.

समजा निवडून आला. महाराष्ट्रात २८८ आमदार, मंत्रिमंडळ त्याच्या १५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३. पहिल्या खेपेच्या आमदाराचा नंबर त्यात क्वचितच लागतो. विधान परिषदेची वाट तुलनेने सोपी, पण तिथली मुदत पक्षाच्या हातात. डॉ. दीपक सावंत २०१४ पासून राज्याचे आरोग्यमंत्री होते. २०१८ मध्ये त्यांची परिषदेची मुदत संपली, पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. घटनेच्या कलम १६४(४) नुसार सदस्य नसलेला माणूस सलग ६ महिनेच मंत्री राहू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. खात्याचं काम बरं होतं की वाईट, हा प्रश्न त्यात कुठेच आला नाही.

शपथ घेतली की पहिला प्रश्न दवाखान्याचा. मंत्र्यांच्या आचारसंहितेप्रमाणे व्यवसायाच्या चालवण्याशी आणि व्यवस्थापनाशी संबंध तोडावा लागतो, मालकी ठेवता येते. बहुतेक जण हॉस्पिटल पत्नीच्या, मुलाच्या किंवा भागीदार डॉक्टरच्या हाती देतात. कागदोपत्री हे सोपं वाटतं, पण सोनोग्राफी यंत्र असेल तर एक गंमत होते. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली जे राज्य पर्यवेक्षण मंडळ असतं, त्याचा पदसिद्ध अध्यक्ष म्हणजे राज्याचा आरोग्यमंत्री. म्हणजे स्वतःच्या नावावर नोंदणी असलेलं केंद्र, त्यावर देखरेख करणारं समुचित प्राधिकरण, आणि त्या सगळ्यावर बसलेलं मंडळ ज्याच्या अध्यक्षतेखाली, तो माणूस एकच. एफ फॉर्ममधल्या (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या नमुन्यातल्या) साध्या चुकांसाठी राज्यभर यंत्रं सील होतात, हे लक्षात घेता मंत्र्याने शपथविधीआधीच केंद्राच्या नोंदणीतलं नाव बदलून घेणं शहाणपणाचं. विरोधकांना आयता मुद्दा कशाला द्या?

आता खातं. बाहेरच्या माणसाला वाटतं, आरोग्यमंत्री म्हणजे सगळ्या सरकारी दवाखान्यांचा मालक. महाराष्ट्रात तसं अजिबात नाही. जे.जे., ससून, नागपूरचं मेडिकल हे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. केईएम, सायन, नायर मुंबई महापालिकेची. औषधाच्या भेसळीवर छापा टाकणारं अन्न व औषध प्रशासन तिसऱ्याच मंत्र्याकडे असू शकतं. सार्वजनिक आरोग्य विभागाकडे उरतात जिल्हा रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, ३० खाटांची ग्रामीण रुग्णालयं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा डोलारा. त्यातही गुंता आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतला, इमारत जिल्हा परिषदेची. जिल्हा आरोग्य अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली, तर जिल्हा शल्यचिकित्सक थेट आरोग्य मंडळाच्या (काही जिल्ह्यांच्या गटाच्या) उपसंचालकाच्या. ३० हजार लोकवस्तीमागे एक केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र (आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजार आणि ३ हजार) हा निकष मंत्री भाषणात सांगतो. पण त्या उपकेंद्राचं छत गळत असेल तर ते दुरुस्त करायचा अधिकार त्याच्याकडे नसून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतो.

डॉक्टर मंत्र्याची पहिली चूक बहुधा अचानक भेटीची असते. त्याला वॉर्ड वाचता येतो. सलाईनची बाटली कधी लावली, ऑक्सिजनचा फ्लोमीटर चालू आहे का, प्रसूतिगृहात पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरलाय का, हे त्याला दोन मिनिटांत कळतं. कर्मचाऱ्यांची तारांबळ उडते, कॅमेरे असतात, आणि जागेवर निलंबन होतं. पुढचं दिसत नाही. निलंबित डॉक्टरला पहिले ३ महिने निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता, नंतर तो तीन चतुर्थांशापर्यंत वाढू शकतो. ते पद मात्र रीतसर रिकामं होत नाही, त्यामुळे नवा माणूस लगेच येत नाही. ज्या केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी होते तिथे आता एक. त्या एकाला शवविच्छेदन, पोलीस केसची तपासणी, शिबिर, बैठक, सगळं. निलंबित माणूस मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो, आणि आदेशात कारणमीमांसा नीट नसेल तर परत येतो. गावाला मिळतं काय, तर सहा महिने अर्धा दवाखाना.

दुसरा चिखल बदल्यांचा. डॉक्टर मंत्री झाला की वर्गमित्र, कॉलेजचे सीनियर, संघटनेचे पदाधिकारी, सगळे एकच अर्ज घेऊन येतात. २००५ च्या बदली कायद्याने साधारण ३ वर्षांचा कार्यकाल आणि एप्रिल-मे हा बदल्यांचा काळ ठरवून दिला आहे. मुदतीआधी किंवा मधल्या काळात बदली करायची तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते, गट अ च्या बाबतीत थेट मुख्यमंत्र्यांची. "प्रशासकीय कारणास्तव" एवढंच लिहिलेल्या बदल्या मॅट उडवून लावतं. तरीही मंत्र्याच्या दालनात या विषयावर जितका वेळ जातो तितका औषधखरेदीवर जात नाही. माझ्या मते डॉक्टर मंत्र्याने पहिल्याच आठवड्यात जाहीर करावं: बदलीचा अर्ज फक्त समुपदेशनातून (रिकाम्या जागांतून उघडपणे निवड करण्याच्या पद्धतीतून), वैयक्तिक भेटीत नाही. मित्र नाराज होतील. ते तसेही होणारच असतात, कारण दहा जणांना एकच पुणे हवं असतं.

आता नस्तीकडे, कारण डॉक्टरच्या ज्ञानाचा खरा उपयोग तिथे आहे. समजा मंत्र्याला एका ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात ५ यंत्रांचं डायलिसिस केंद्र हवंय. घोषणा झाली. आरोग्य सेवा आयुक्तालयातून प्रस्ताव येतो, त्यात ५ यंत्रं, ५ खुर्च्या आणि एक वातानुकूलन. नेफ्रॉलॉजीशी (मूत्रपिंडाच्या उपचारांशी) थोडाफार संबंध आलेला डॉक्टर इथे थांबतो आणि पाण्याचा हिशेब मागतो. मिनिटाला ५०० मिलिलीटर द्रावण, ४ तासांचं सत्र, म्हणजे एका रुग्णामागे १२० लिटर शुद्ध पाणी. ५ यंत्रं दिवसाला दोन पाळ्या चालवली तर १० सत्रं, १,२०० लिटर. यंत्र धुवायचं पाणी वेगळं, आणि आरओ (पाणी शुद्ध करणारं) संयंत्र बरंचसं पाणी फेकून देतं ते आणखी वेगळं. थोडक्यात, रुग्णालयाच्या टाकीत या एका केंद्रासाठी रोज त्याच्या जवळपास दुप्पट पाणी यायला हवं. एप्रिल-मे मध्ये टँकरवर चालणाऱ्या गावात हे येणार कुठून? मध्येच वीज गेली तर रुग्णाचं रक्त नळीत अडकतं, म्हणून जनरेटर. चालवणारा तंत्रज्ञ कोण, आणि तो आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग. यंत्र भांडवली खर्चातून येतं, एकदाच. तंत्रज्ञाचं पद नवीन असेल तर उच्चस्तरीय सचिव समिती, वित्त विभागाची सहमती, मग शासन निर्णय, मग भरती. यंत्राच्या वॉरंटीचा काळ संपेपर्यंत माणूस येत नाही. देखभालीचं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) वेगळं, आणि त्यात तरतूद नसेल तर पहिली झिल्ली (पाणी गाळणारा पडदा) खराब झाली की आरओ बंद. जिल्ह्याजिल्ह्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली यंत्रं दिसतात त्यांचं मूळ या क्रमात आहे: आधी खरेदी, मग जागा, मग वीज-पाणी, शेवटी माणूस. क्रम उलटा करायला मंत्री डॉक्टरच असायला हवा असं नाही, पण डॉक्टरला तो एका बैठकीत समजतो. फक्त समजलेलं टिपणीत, आकड्यांसह, वित्त विभागाकडे नस्ती जाण्याआधी उतरायला हवं. तोंडी सांगितलेलं बैठकीच्या इतिवृत्तातही येत नाही. आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत पैसे आले तरी बीम्सवर (निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) ते मार्चच्या तोंडावर दिसले, तर खर्च तरी कसा करणार?

औषधखरेदीचं तसंच. राज्यात २०१७ पासून खरेदी हाफकिन महामंडळामार्फत होती. मागण्या उशिरा, निविदांना प्रतिसाद कमी, पुरवठादारांची बिलं थकलेली, अशा तक्रारींनंतर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं केलं गेलं. तामिळनाडूने हेच काम १९९४ मध्ये महामंडळ काढून मार्गी लावलं होतं: जिल्हानिहाय गोदामं, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यात किती रकमेची औषधं उचलली आणि किती उरली याची नोंद, आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावरच वाटप. डॉक्टर मंत्र्याचा इथे एक विशिष्ट घोटाळा होतो. त्याला ब्रँड माहीत असतात. "हे अँटिबायोटिक चांगलं" म्हणून तो यादीत भर घालतो, यादी लांबते, मागणी विखुरते, दर वाढतो. आवश्यक औषधांची यादी आखूड ठेवायला डॉक्टरी सवय मोडावी लागते.

ती मोडणारा एक डॉक्टर दिल्लीत सापडतो. डॉ. हर्षवर्धन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, १९९३ मध्ये दिल्लीचे आरोग्यमंत्री झाले. १९९४ च्या औषध धोरणात प्रा. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीने एक यादी, एकत्रित खरेदी आणि दोन लिफाफ्यांची निविदा ही पद्धत आणली. आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा, त्यात टिकलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडायचा. दुसरं काम सगळ्यांच्या लक्षात राहिलं. २ ऑक्टोबर आणि ४ डिसेंबर १९९४ अशा दोन दिवशी शहरातल्या ३ वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच वेळी पोलिओचे थेंब, दहा लाखांहून अधिक मुलं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात मंत्र्याचा नवा शोध काही नव्हता. एकाच दिवशी सगळ्यांना डोस दिला की जंगली विषाणूला पसरायला जागा उरत नाही, हे तंत्र इतर देशांत वापरून झालेलं होतं. मंत्र्याचं काम होतं ते शीतसाखळी, शाळा, महापालिका, छावणी मंडळ आणि स्वयंसेवक एका तारखेला बांधून आणणं. १९९५ मध्ये ते देशभर गेलं, शेवटचा जंगली पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात नोंदवला गेला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला प्रमाणपत्र मिळालं.

त्याच हर्षवर्धनांना २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य खातं मिळालं आणि काही महिन्यांतच गेलं. २०१९ मध्ये पुन्हा मिळालं, आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, ७ जुलै २०२१ ला, राजीनामा. दिल्लीसारख्या राज्यात तारीख, बूथ आणि थेंब मंत्र्याच्या आवाक्यात होते. केंद्रात आरोग्य हा राज्यांचा विषय, मंत्र्याच्या हाती मार्गदर्शक सूचना आणि निधीचा वाटा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्राकडून ६० आणि स्वतःचे ४० असं प्रमाण आहे. केंद्राने पैसे दिले तरी खाट राज्याचीच.

जुन्या पिढीत डॉ. जीवराज मेहता आहेत, आणि माझा कल त्यांच्याकडे झुकतो. जी.एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचे पहिले अधिष्ठाता, १९२५ ते १९४२. स्वातंत्र्यानंतर केंद्रात आरोग्य सेवा महासंचालक, मग बडोद्याचे दिवाण, मुंबई राज्यात सार्वजनिक बांधकाम आणि अर्थ सांभाळून १ मे १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. राज्याचा अर्थसंकल्प हाती येण्याआधी त्यांनी रुग्णालयाचा अर्थसंकल्प मांडलेला होता. उलट उदाहरण डॉ. एम.डी.डी. गिल्डर यांचं. नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी खातं त्यांच्याकडे. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी आली. डॉक्टर म्हणून ती त्यांना पटलेली असणार, पण बुडालेला अबकारी महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर कर बसला, आणि स्वतः पारशी असलेल्या गिल्डरना आपल्याच समाजाचा रोष पत्करावा लागला. आरोग्याचा निर्णय महसुलात जाऊन पडतो तो असा.

डॉक्टर मंत्री हरला किंवा डावलला गेला तर परत दवाखान्यात जाता येतं का? येतं, पण तयारी लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्या काळात ३० क्रेडिट तास (डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांतून मिळणारे) जमवावे लागतात. मंत्रिपदाच्या धावपळीत हे राहून जातं आणि पद गेल्यावर आठवतं. शुश्रूषागृहाची नोंदणी दर ३ वर्षांनी. फिजिशियनला तुलनेने सोपं, ओपीडी पुन्हा बसवता येते. डॉ. बिधानचंद्र रॉय तर पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असतानाही सकाळी रुग्ण तपासत. शल्यचिकित्सकाचं अवघड, पाच वर्षं शस्त्रक्रियागृहाबाहेर राहिलेला हात लगेच मोठ्या केसला लावू नये. आधी सहायक म्हणून उभं राहावं, छोट्या केस घ्याव्यात. हर्षवर्धनांनी मार्च २०२४ मध्ये राजकारण सोडताना कृष्णा नगरच्या आपल्या क्लिनिकमध्ये परत जात असल्याचं जाहीर केलं. कान-नाक-घशाची ओपीडी एका आरशावर आणि दिव्यावर सुरू करता येते, ही त्यातली जमेची बाजू.